दार्जिलिंगला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याहून दार्जिलिंगला माझ्या पाच खेपा झाल्या. त्यातल्या दोन खेपांत कांचनजंगाचं टोकसुद्धा दिसलं नाही, हे आधीच सांगून टाकते. दर एप्रिलमध्ये आणि दिवाळीच्या आधी मला तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवली आहेत. सोपे प्रश्न वर आहेत, अडचणीचे खाली. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे आली असेल तर तिथे क्रमांक दिला आहे.

१. दार्जिलिंग सिक्कीममध्येच येतं ना?

नाही, पश्चिम बंगालमध्ये. गोंधळ होतो, कारण सहल कंपन्या "गंगटोक-दार्जिलिंग" एका दमात म्हणतात. शिवाय एके काळी हा डोंगर खरोखरच सिक्कीमच्या राजाचा होता. १८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आजारी गोऱ्या शिपायांना हवापालट म्हणून तो मागून घेतला. डोंगराळ भागाचा बराचसा कारभार आता गोरखालँड टेरिटोरियल अॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे जीटीए, पाहतं.

उंची सुमारे २,०५० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजे दार्जिलिंगच्या चौकात तुम्ही मोमो खात उभे असता तेव्हा महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच टोकापेक्षा चारशे मीटर वर असता.

२. किती दिवस पुरेत? आमच्या पॅकेजमध्ये एक रात्र आहे.

एक रात्र म्हणजे पहाटे तीनला उठून टायगर हिलचा सूर्योदय, नाश्ता, दुपारपर्यंत "सेव्हन पॉइंट", म्हणजे टॅक्सीने दाखवतात ती ठरावीक सात ठिकाणं, आणि परत गाडीत. किमान तीन रात्री द्या. इथे मुख्य गोष्ट म्हणजे समोरचा डोंगर, कांचनजंगा, आणि तो तुमच्या वेळापत्रकावर चालत नाही. तीन सकाळी हातात असल्या तर एखादी मोकळी मिळण्याची आशा धरता येते. संदकफूचा ट्रेक करायचा असेल तर त्याचे चार-पाच दिवस वेगळे धरा (प्रश्न १९).

३. कोणत्या महिन्यात जावं?

डोंगर बघायचा असेल तर ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते डिसेंबर. हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते आणि सकाळी सहसा ढग नसतात. जानेवारी-फेब्रुवारीत थंडी कडक, पण गर्दी कमी आणि खोल्या स्वस्त.

फुलं बघायची असतील तर मार्चचा शेवट ते मे. या दिवसांत नेपाळच्या सीमेवरच्या सिंगालीला डोंगररांगेत लाली गुराँस, म्हणजे तांबडा ऱ्होडोडेंड्रॉन, फुलतो. मात्र हवेत धूसरपणा असतो आणि डोंगर बऱ्याचदा दुधात बुडवल्यासारखा दिसतो. शाळांच्या सुट्टीमुळे मे महिन्यात अख्खा बंगाल इथे लोटतो. मे आणि ऑक्टोबरअखेर यांत निवडायची सोय असेल तर मी दोनदा विचार न करता ऑक्टोबरअखेर निवडेन.

पावसाळ्यासाठी प्रश्न २० पाहा.

४. मुंबई-पुण्याहून जायचं कसं? "दार्जिलिंग मेल"चं तिकीट काढलं की थेट पोचतो का?

दार्जिलिंग मेल दार्जिलिंगला जात नाही. ती रात्री कोलकात्याच्या सियालदाहहून सुटते आणि सकाळी न्यू जलपायगुडीला पोचते, सगळे तिला एनजेपी म्हणतात. तिथून पुढचा प्रवास डोंगरातला.

विमानाने जायचं तर बागडोगरा. थेट विमान मिळालं नाही तर दिल्ली किंवा कोलकात्याला बदला. बागडोगरा हा हवाई दलाचा तळ आहे, तेव्हा उतरल्या उतरल्या मोबाइल काढून फोटो घेऊ नका. मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून आसामकडे जाणाऱ्या काही गाड्या एनजेपीवर थांबतात, पण जवळपास दोन दिवस गाडीत जातात. वेळ असेल तर वाटेत कोलकात्याला एक दिवस राहणं बरं.

एनजेपी, सिलिगुडी किंवा बागडोगराहून वर जायला शेअर जीप मिळते किंवा पूर्ण गाडी करता येते. रोहिणी-कर्सियांगमार्गे साधारण तीन तास लागतात. शेअर जीपमध्ये मागच्या बाकावर चौघं बसवतात. सामान जास्त असेल किंवा कुणाला गाडी लागत असेल तर एक जागा जास्तीची घेऊन टाका. दुपारी तीननंतर वर निघणं मला आवडत नाही, कारण वळणांवर धुकं उतरतं आणि इथे अंधार आपल्याकडच्यापेक्षा फार लवकर पडतो.

५. अंधार लवकर पडतो म्हणजे किती लवकर?

डिसेंबरात पावणेपाचला सूर्य मावळतो. जूनमध्ये पहाटे पावणेपाचच्या आत उगवतो. देशभर घड्याळ एकच आणि दार्जिलिंग पार पूर्वेला, त्यामुळे आपला सगळा हिशेब तासाभराने चुकतो. दुकानंही लवकर मिटतात. "आठला जेवायला बाहेर पडू" असं म्हणून निघालात तर पर्याय दोन-चारच उरलेले असतात. सकाळी लवकर उठा, दुपारी झोपा, सातला जेवा. दोन दिवसांत अंगवळणी पडतं.

६. परवाना लागतो का? माझा भाऊ अमेरिकेचा नागरिक आहे, तो सोबत आहे.

दार्जिलिंगला कुणालाही खास परवाना लागत नाही. परदेशी पासपोर्टवाल्याकडे भारताचा वैध व्हिसा किंवा ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) हवं, बस. पुढे सिक्कीमला जाणार असाल तर मात्र भावाला वेगळा परवाना काढावा लागेल. ओसीआय कार्ड असलं तरी सिक्कीम त्याला परदेशीच धरतं. इथे बरीच मराठी कुटुंबं अडकतात, कारण "त्याच्याकडे ओसीआय आहे, चालेल" असं घरी गृहीत धरलेलं असतं. भारतीय नागरिकांना गंगटोकसाठी काही लागत नाही, नथुला आणि उत्तर सिक्कीमसाठी लागतं.

७. कांचनगंगा नक्की दिसेल ना?

नक्की कुणीच सांगू शकत नाही. हॉटेलवाला "गॅरंटी" म्हणाला तर समजून घ्या.

आधी नावाचं. मराठीत आपण सर्रास "कांचनगंगा" म्हणतो, पण खरं नाव कांचनजंगा, आणि त्याचा गंगेशी संबंध नाही. शब्द तिबेटी आहे आणि अर्थ साधारण "महाहिमाची पाच भांडारं" असा सांगतात. उंची ८,५८६ मीटर, जगात तिसरा. २५ मे १९५५ रोजी जॉर्ज बँड आणि जो ब्राउन पहिल्यांदा वर पोचले आणि टोकाच्या काही पावलं आधी थांबले, कारण सिक्कीमच्या लोकांसाठी हा डोंगर देव आहे आणि त्याच्या माथ्यावर पाय ठेवायचा नाही, असा शब्द दिलेला होता. नंतरच्या बऱ्याच गिर्यारोहकांनीही ही प्रथा पाळली.

दिसण्याची वेळ पहाट ते साधारण नऊ. त्यानंतर दरीतून ढग वर चढतात. आकाशात कुठे बघायचं हेसुद्धा पहिल्यांदा कळत नाही. आपण डोंगर शोधतो समोर, क्षितिजावर, आणि तो असतो त्याच्याही वर, जिथे ढगच असायला हवेत तिथे. तिसऱ्या खेपेला मी चौरस्ता या गावातल्या मुख्य चौकाच्या मागच्या रस्त्यावर अर्धा तास ढग बघत उभी होते. शेजारी लोकर विणत बसलेल्या एका दिदीने सुई वर करून दाखवलं, "उता होइन, माथि." म्हणजे तिकडे नाही, वर. मी ढग समजत होते तोच तो होता.

८. त्यासाठी टायगर हिललाच जायला हवं का?

नाही. टायगर हिल गावापासून ११ किलोमीटरवर, सुमारे २,५९० मीटर उंच आहे. तिथून डोंगरांची रांग जास्त लांबवर दिसते आणि सूर्य वर यायच्या आधीच कांचनजंगाच्या टोकाला लागलेला गुलाबी रंग बघणं हा खरा सोहळा आहे. पण त्यासाठी तीन-साडेतीनच्या सुमारास उठायचं, गाड्यांच्या रांगेत अडकायचं आणि शेकडो मोबाइलच्या मधून बघायचं. वर जाणाऱ्या गाड्यांची संख्या मर्यादित ठेवतात आणि त्यासाठी आदल्या दिवशी कुपन लागतं. ते काम ड्रायव्हरवर सोपवा, पण झालं का ते रात्रीच विचारा.

माझी पद्धत अशी. पहिल्या सकाळी कुठेही न जाता चौरस्त्यावरून महाकाल टेकडीला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर फिरायचं. रस्ता जवळजवळ सपाट आहे, गाड्या नाहीत, उत्तरेकडे डोंगर उघडा. आकाश स्वच्छ वाटलं तर दुसऱ्या दिवशीचं टायगर हिल ठरवायचं. आदल्या रात्री चांदण्या दिसत नसतील तर मी झोपून राहते.

९. टायगर हिलवरून एव्हरेस्ट दिसतो म्हणतात. खरं?

अगदी स्वच्छ सकाळी दिसतो, पण छोटंसं टोक. शेजारचा मकालू जवळ असल्यामुळे मोठा दिसतो आणि बहुतेक लोक त्याचाच फोटो "एव्हरेस्ट" म्हणून घरी पाठवतात. एव्हरेस्ट नीट बघायचा असेल तर संदकफू गाठा.

१०. टॉय ट्रेन माथेरानसारखीच आहे ना? मग मुद्दाम कशाला बसायचं?

रुळांची रुंदी सारखीच, दोन फूट. पण दार्जिलिंगची गाडी थोरली. १८८१ मध्ये ती दार्जिलिंगपर्यंत पोचली, माथेरानची १९०७ मध्ये आली. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दार्जिलिंगची रेल्वे १९९९ पासून आहे. माथेरानची गाडी जंगलातून जाते. ही मात्र बाजारातून, दुकानांच्या पायरीला घासून जाते. वाळत घातलेले कपडे हाताला लागतात आणि भाजीवाली आपली टोपली वीतभर मागे ओढते.

तिकिटं दोन तऱ्हेची असतात. एक म्हणजे एनजेपी ते दार्जिलिंग पूर्ण प्रवास, साधारण ८८ किलोमीटर आणि सात तासांच्या वर. ज्यांना रेल्वेचं वेड आहे त्यांनीच करावा. चढ जिथे फारच तीव्र आहे तिथे ही गाडी "झेड" काढते, थोडी पुढे जाते, मग उलटी मागे चढते, मग पुन्हा पुढे. बाकीच्यांसाठी "जॉयराइड", म्हणजे दार्जिलिंग-घूम-दार्जिलिंग, दोनेक तास. वाटेत बतासिया लूपवर, जिथे रूळ गोल वळसा घेतात, गाडी थोडी थांबते. घूम स्टेशन २,२५८ मीटरवर, भारतातलं सर्वात उंच रेल्वे स्टेशन.

वाफेचं इंजिन घ्या, डिझेल नको. तिकीट महाग आहे, पण इंजिनाच्या नाकावर बसलेला माणूस बघायला मिळतो. चाकं घसरू नयेत म्हणून तो चढावर हाताने रुळांवर वाळू टाकत असतो. मागे दुसरा कोळसा फोडत असतो. खिडकीतून डोकं काढून बघणार असाल तर चष्मा घाला, कोळशाची कणी डोळ्यात गेली की संध्याकाळपर्यंत चुरचुरतं. आरक्षण आयआरसीटीसीवर होतं आणि सुट्टीच्या दिवसांत आधीच भरतं. पावसाळ्यात दरड पडली की गाडी रद्द होते.

११. हॉटेल निवडताना काय बघू? फोटोत सगळीच छान दिसतात.

फोन करून तीन प्रश्न विचारा. गाडी थांबते तिथून दारापर्यंत किती पायऱ्या? गरम पाणी चोवीस तास की ठरावीक वेळी? हीटरचे पैसे वेगळे का?

पायऱ्यांचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. हे गाव उतरंडीसारखं रचलेलं आहे. चौरस्त्यावर गाडी येत नाही, आणि "मॉलपासून पाच मिनिटं" (मॉल म्हणजे चौरस्ता आणि त्याभोवतीचा रस्ता) याचा अर्थ बऱ्याचदा दीडशे पायऱ्या असा निघतो. माझी एक खेप अशीच गेली. खोलीतून डोंगर सुरेख दिसायचा, पण सोबतच्या मावशी तीन दिवस खोलीबाहेर पडल्या नाहीत.

पाण्याबद्दलही थोडं. गावाला सिंचलच्या तलावांतून पाणी येतं आणि ते कधीच पुरत नाही. मोसमात हॉटेलं टँकर विकत घेतात. बादलीत आंघोळ करा. "शॉवरला जोर नाही" म्हणून भांडू नका.

१२. वडील ७२ वर्षांचे, बीपी आहे. उंचीचा त्रास होईल का?

दोन हजार मीटरवर बहुतेकांना उंचीचा त्रास होत नाही, पण चढ-उताराचा होतो. दम लागला की लोक "ऑक्सिजन कमी" म्हणतात, खरं कारण पायऱ्या असतात. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा जुना आजार असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. गुडघ्यांसाठी हॉटेल चौरस्त्याच्या पातळीवर घ्या (प्रश्न ११). आजीआजोबांना चौरस्त्यावर बाकावर बसवलं की त्यांचा दिवस मजेत जातो. ऊन, घोडे, कबुतरं, शाळकरी मुलं, आणि समोर नेपाळीत रामायण आणणाऱ्या भानुभक्त आचार्यांचा पुतळा. संदकफूला मात्र त्यांना जीपनेही नेऊ नका.

१३. सेव्हन पॉइंटची टॅक्सी करावी का?

एकदा करायला हरकत नाही, पण यादी तुम्ही ठरवा. टी गार्डन "पॉइंट" म्हणजे रस्त्याकडेला गाडी थांबवून भाड्याच्या पोशाखात फोटो. तेनसिंग रॉक म्हणजे दगड. मला विचाराल तर हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट आणि प्राणिसंग्रहालय, तिबेटी निर्वासितांचं केंद्र, जपानी पीस पॅगोडा, घूमचा मठ एवढंच घ्या आणि उरलेला वेळ पायी घालवा.

गिर्यारोहण संस्था आणि पद्मजा नायडू प्राणिसंग्रहालय एकाच आवारात आहेत, तिकीट एकच, आणि गुरुवारी दोन्ही बंद. यात माझ्या ओळखीतली तीन कुटुंबं फसली आहेत. संस्था १९५४ मध्ये, एव्हरेस्टच्या यशानंतर वर्षभराने, सुरू झाली आणि तेनसिंग नोर्गे तिथे प्रशिक्षणाचे प्रमुख होते. त्यांची समाधीही तिथेच आहे. प्राणिसंग्रहालयात रेड पांडा आणि हिमबिबट्या यांची पैदास करतात. इथले काही रेड पांडा सिंगालीलाच्या जंगलात सोडलेही आहेत. सकाळी जा, दुपारी ते झाडावर मुटकुळं करून झोपतात आणि फक्त शेपूट दिसते.

१४. चहा कुठला आणि कसा घ्यायचा? घरी आणून उकळला तर कडवट लागला.

उकळलात म्हणूनच. आपल्या घरचा आलं-दुधाचा चहा आसामच्या सीटीसी, म्हणजे यंत्राने दाणेदार केलेल्या, भुकटीचा. दार्जिलिंगचा चहा अख्ख्या पानांचा, चिनी जातीच्या झुडपांचा, त्याला दूध सोसत नाही. पाणी उकळून गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, कपाला एक चमचा पत्ती टाका, झाकण ठेवा, तीन मिनिटांत गाळा. रंग फिका असतो, सोनेरी. "हा काय पाणीदार चहा" असं सासूबाई म्हणणार, म्हणू द्या.

इथे चहाचं पहिलं बी १८४१ मध्ये कंपनीचे इथले अधिकारी डॉ. कॅम्पबेल यांनी लावलं. भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालेलं भारतातलं पहिलं उत्पादन दार्जिलिंग चहाच. नोंदलेल्या बागा ८७. बाहेर या नावाने जो माल विकला जातो तो सगळा काही त्या बागांतून आलेला नसतो.

खुडणीचे हंगाम चार. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल फर्स्ट फ्लश, हलका, हिरवट, सर्वात महाग. मे-जून सेकंड फ्लश, रंगाने तांबूस आणि द्राक्षासारखा वास, याला मस्कॅटेल म्हणतात. पावसाळी पत्ती सामान्य. ऑक्टोबर-नोव्हेंबरची ऑटम फ्लश, गोडसर, आणि किमतीच्या मानाने मला हीच सगळ्यात परवडते. पहिल्यांदाच पिणार असाल तर सेकंड फ्लशपासून सुरुवात करा, मराठी जिभेला तो चहा असल्यासारखा वाटतो.

कोपऱ्यातल्या चहाच्या दुकानात बसून दोन-तीन प्रकार चाखा आणि मग शंभर-शंभर ग्रॅम घ्या. पाकिटावर बागेचं नाव, हंगाम आणि वर्ष हवं. गावालगतची हॅपी व्हॅली बाग १८५४ पासूनची आहे, तिथे कारखाना बघता येतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत खुडणी थांबते, तेव्हा यंत्रं झाकलेली असतात. हे माहीत नसताना गेलं की निराशा होते.

१५. आम्ही शाकाहारी आहोत. खायचे हाल होतील का?

हाल नाहीत, पण विचारून खा. डुकराचं आणि गाईचं मांस इथे उघड, रोजच्या खाण्यातलं आहे आणि छोट्या ठिकाणी एकाच भांड्यात सगळे मोमो वाफवतात. ज्यांना हे चालत नाही त्यांनी निव्वळ शाकाहारी मारवाडी-बिहारी भोजनालयं गाठावीत, बाजारात आहेत.

बाकीच्यांनी कोबीचे मोमो, भाज्यांचा थुक्पा, म्हणजे नूडल्सचं सूप, आणि आलू दम खावा. आलू दम म्हणजे लालभडक रश्शातले बटाटे, वर भुजिया, रस्त्यावर कागदी वाटीत. सकाळी बाजारात सेल रोटी मिळते, तांदळाच्या पिठाचं गोल कडं, आपल्या अनारशाच्या लांबच्या नात्यातलं. चटणीला डल्ले नावाची बोरासारखी गोल मिरची असते. कोल्हापूरकरांनीही आधी नखाएवढीच चाखावी.

१६. भाषेची अडचण येते का? बंगाली यायला हवी?

गावात नेपाळी चालते, हिंदी सगळ्यांना कळते. गंमत म्हणजे नेपाळी देवनागरीत लिहितात, त्यामुळे पाट्या आपल्याला सरळ वाचता येतात आणि अर्धा अर्थ आपोआप लागतो. "कति हो?" म्हणजे कितीला, "मिठो छ" म्हणजे चविष्ट आहे, "बिस्तारै" म्हणजे हळू, जो शब्द ड्रायव्हरला सांगायला उपयोगी पडतो. मोठ्या पुरुषाला दाइ, बाईला दिदी.

एक विनंती. इथले लोक भारतीय आहेत, नेपाळी ही १९९२ पासून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली भाषा आहे. "तुम्ही नेपाळहून कधी आलात?" हा प्रश्न त्यांना आयुष्यभर विचारला जातो. तुम्ही तरी विचारू नका. राई, लिंबू, तामांग, गुरुंग, शेर्पा, भुतिया असे अनेक समाज आहेत आणि इथले मूळचे लेपचा.

१७. महाकालाचं देऊळ आहे की बौद्ध मठ? आत काय नियम?

दोन्ही. चौरस्त्यामागच्या टेकडीवर पूर्वी बौद्ध मठ होता आणि "दोर्जे लिंग", वज्राची जागा, हे गावाचं नाव तिथूनच आलं असं मानतात. आज एकाच गाभाऱ्यात पुजारी आणि लामा शेजारी शेजारी बसतात. तुम्ही कुंकू लावून घ्या आणि प्रार्थनाचक्रही फिरवा, उजव्या हाताने, घड्याळाच्या दिशेने. चपला बाहेर, फोटो विचारून. माकडं प्रसाद हिसकतात, पिशवी उघडी ठेवू नका.

१८. दसरा-दिवाळीत गेलं तर?

दुर्गापूजेच्या सुट्टीत बंगालहून प्रचंड गर्दी होते आणि खोल्यांचे दर चढतात. त्याच दिवसांत इथला दशैं, म्हणजे नेपाळी दसरा, असतो. ड्रायव्हर, स्वयंपाकी सगळे घरी गेलेले, त्यामुळे सेवा ढिली. पण बघण्यासारखं बरंच. घटस्थापनेला आपल्यासारखंच धान्य पेरतात. त्या कोवळ्या पिवळ्या अंकुरांना जमरा म्हणतात आणि दशमीला वडीलधारी माणसं दही-तांदूळ-कुंकवाचा जाड टिळा लावून ते कानामागे किंवा टोपीत खोचतात. घटाचे अंकुर टोपीत खोचणारे आजोबा ज्यांनी गावाकडे पाहिले आहेत त्यांना हे बघून भरून येतं.

दिवाळीला तिहार. एक दिवस कावळ्याचा, एक कुत्र्याचा. त्या दिवशी गल्लीतल्या भटक्या कुत्र्याच्याही गळ्यात झेंडूची माळ असते. शेवटी भाइटीका, आपली भाऊबीज. हॉटेलमालकिणीने मला एकदा घरात बोलावलं होतं आणि सात रंगांचा टिळा भावाला कसा लावतात ते शेजारी बसवून दाखवलं होतं.

१९. साहसी काही करायचं आहे. संदकफूचा ट्रेक नवख्याला जमेल का?

राफ्टिंग तिस्तेवर होतं, पण ऑक्टोबर २०२३ च्या हिमतलावफुटीच्या पुराने नदीचं पात्र गाळाने वर आलं. पट्टे आणि वेळा बदलत राहतात, तिथे पोचून चौकशी करा. पॅराग्लायडिंग कालिम्पोंगला, देलो टेकडीवर. ज्यांना गंभीरपणे शिकायचं आहे त्यांच्यासाठी गिर्यारोहण संस्थेचा २८ दिवसांचा बेसिक कोर्स आहे.

आता संदकफू. ३,६३६ मीटर, पश्चिम बंगालचं सर्वात उंच टोक. एव्हरेस्ट, कांचनजंगा, ल्होत्से, मकालू, म्हणजे जगातल्या पहिल्या पाचांतले चार, एका ओळीत. सुरुवात मानेभंज्यांगहून, दार्जिलिंगपासून २६ किलोमीटर. वाट नेपाळच्या सीमेवरून आत-बाहेर करत जाते. तुमलिंगला जेवता ते नेपाळात, गैरीबासला झोपता ते भारतात. मोबाइलचं घड्याळ अचानक पंधरा मिनिटं पुढे गेलं तर बिघडलेलं नाही, त्याने नेपाळी वेळ पकडली. गजर लावताना मात्र सांभाळा.

सह्याद्रीत नियमित फिरणाऱ्याला चालणं जड नाही. राजगड-तोरणा एका दिवसात करणाऱ्याला तर अजिबात नाही. पण इथे फसगत तिथेच होते. पाय सशक्त म्हणून मंडळी झपाझप चढतात आणि उंची अंगावर येते. कळसूबाईच्या दुप्पट उंचीवर रात्र काढायची आहे. तीन दिवसांत वर जा, वाटेत तुमलिंग किंवा तोंगलूला थांबा. डोकेदुखी आणि उलटी सुरू झाली तर पुढे चढायचं नाही. वाढली, किंवा तोल जाऊ लागला, तर रात्र असली तरी खाली उतरायचं. जीपने एका दिवसात वर जाऊन तिथेच झोपणं हे चालण्यापेक्षा जास्त धोक्याचं, कारण शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही.

ही वाट सिंगालीला राष्ट्रीय उद्यानातून जाते. तिथे वाटाड्या सक्तीचा आहे, ओळखपत्र सोबत हवं, तब्येतीचं डॉक्टरी प्रमाणपत्रही ठेवा. साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उद्यान बंद असतं. जुन्या लँड रोव्हर गाड्या अजून काही उरल्या आहेत. फोटो लँड रोव्हरसोबत काढा, प्रवास बोलेरोने करा. कंबरेला बरं.

२०. पावसाळ्यात स्वस्त पॅकेज मिळतंय. जाऊ?

धुकं आवडत असेल, पुस्तक वाचायचं असेल आणि परतीची तारीख लवचीक असेल तरच. पाऊस महाबळेश्वरपेक्षा कमी, पण डोंगर ठिसूळ आणि रस्ते त्यावर टांगलेले. जळवा असतात. आणि पाऊस कॅलेंडर बघून जात नाही. २०२५ मध्ये दसऱ्यानंतर दोन दिवसांनी, ४ ऑक्टोबरच्या रात्री, अतिवृष्टीने दरडी कोसळल्या, मिरिकच्या वाटेवरचा दुधियाचा पूल पडला आणि अनेक माणसं गेली. म्हणून ऑक्टोबरचा पहिला आठवडाही मी टाळते. परतीच्या विमानाआधीची रात्र नेहमी सिलिगुडीत काढते.

२१. बंद पुकारला तर? पैसे परत मिळतात का?

२०१७ मध्ये वेगळ्या गोरखालँड राज्याच्या मागणीसाठी १०४ दिवस सगळं बंद होतं, त्यामुळे ही भीती अजून लोकांच्या मनात आहे. एरवी बंद झाला तर एखाद्या दिवसाचा, बहुधा आधी जाहीर केलेला. पैसे परत मिळणं बुकिंगच्या अटींवर असतं. मला एका हॉटेलने "पुढच्या वर्षी या" एवढंच सांगितलं होतं. मोफत रद्द करता येणारी खोली घ्या आणि पूर्ण रक्कम आगाऊ भरू नका.

२२. गंगटोक याच सहलीत जोडू का?

एकूण आठ दिवस असतील तर जोडा. अंतर साधारण शंभर किलोमीटर, पण चार-पाच तास, आणि तिस्तेकाठचा महामार्ग दरडींमुळे अधूनमधून बंद पडतो. पाच दिवसच असतील तर गंगटोक सोडा. त्याऐवजी एक रात्र कर्सियांगला काढा.

२३. येताना काय आणू, आणि ते विमानात चालतं का?

चहा (प्रश्न १४), डल्लेचं लोणचं आणि छुर्पी. लोणचं चेक-इनच्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून. हातातल्या बॅगेत ठेवलंत तर सुरक्षा तपासणीत गमवाल. छुर्पी म्हणजे याकच्या किंवा गाईच्या दुधाचं वाळवून दगड झालेलं चीज. चावू नका, गालात धरा. माझ्या भाच्याने चावली आणि दाताची टवका उडालेली कड घेऊन आम्ही पुण्याला उतरलो.